गॅरेजखालची काळी माती : तेल मुरलेल्या जमिनीत पाया कसा घ्यावा?

मांजरीकर (धागाकर्ता)

मेव्हण्याने पुण्याजवळ मांजरीला अडीच गुंठे जागा घेतली आहे. आधी तिथे वर्षानुवर्षं ट्रकचं गॅरेज होतं, त्यामुळे जागा बाजारभावापेक्षा जरा स्वस्तात पडली आणि घरात सगळे खूश. आता शेड पाडून तळमजला अधिक दोन मजले बांधायचे आहेत. परवा जेसीबीने एक खड्डा मारला. वर फूटभर भराव आणि खडी, त्याखाली साधारण सात फूट काळी माती, मग मुरूम. काळ्या मातीला डिझेलचा भपकारा. खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलं त्यावर रंगीबेरंगी तवंग.

तेव्हापासून जितकी तोंडं तितके सल्ले. ठेकेदार म्हणतो, "साहेब, नशीबवान आहात. तेल प्यालेली काळी माती फुगत नाही, बिनधास्त पाया घ्या." आरसीसी कन्सल्टंट म्हणतो सॉइल टेस्ट आणा, मग बोलू. ज्या लॅबला फोन केला ते म्हणाले, "तेलाची माती आमच्या ओव्हनमध्ये घालणार नाही," आणि फोन ठेवला. नेटवर वाचायला गेलो तर आणखी गोंधळ. एका ठिकाणी तेलाने मातीची लिक्विड लिमिट (किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते तो आकडा) घटते, दुसरीकडे वाढते. एकजण म्हणतो माती कमी पाझरते, दुसरा म्हणतो हजारो पटींनी जास्त.

मी कॉमर्सवाला. इथे सिव्हिलची मंडळी बरीच आहेत. खरं काय ते साध्या भाषेत सांगाल का?

पेठेतला_पंत

तवंग वाढला तर नोझल बसवा. बंगल्यापेक्षा पंप परवडेल.

(मस्करी बाजूला. चाळणीकाकांना हाक मारा, आयुष्यभर माती चाळली आहे त्यांनी.)

चाळणी४२५

हाक ऐकली. तुमचा ठेकेदार अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याचे पैसे मात्र तुमचा मेव्हणा भरणार.

आधी तो कुठे बरोबर आहे ते सांगतो. आपल्याकडच्या प्रत्येक माती प्रयोगशाळेत केरोसिनचा कॅन असतो, तो कशाला? माती तपासणीचं भारतीय मानक आयएस २७२०, त्याचा भाग ४० (१९७७) म्हणजे फ्री स्वेल इंडेक्सची, माती किती फुगते हे मोजायची चाचणी. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची. १०० मिलीचे काचेचे दोन सिलिंडर. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात केरोसिन. माती टाकून कांडीने हळू ढवळायची, हवेचे बुडबुडे निघून गेले पाहिजेत, आणि किमान २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यातली माती फुगून वर आलेली असते, कडा धूसर, जेलीसारखी. केरोसिनमधली तळाशी गपगुमान बसलेली, दाणे वेगळे दिसतात, वरचं केरोसिन स्वच्छ. समजा पाण्यात २४ मिली आणि केरोसिनमध्ये १२ मिली वाचलं, तर फुगवटा १०० टक्के. आपल्या काळ्या मातीत असा आकडा नवलाचा नाही.

म्हणजे तेलात काळी माती फुगत नाही हे आपण रोज गृहीत धरतो. केरोसिनचा सिलिंडर हाच आपला शून्याचा दगड आहे.

कारण असं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचं खनिज असतं. पातळ पापुद्रे, एका ग्रॅमला ८०० चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग. केओलिनाइटचा तोच आकडा १०-२० च्या घरात. पापुद्र्यांवर ऋण भार असतो, त्याभोवती धन आयन आणि पाणी मिळून एक आवरण तयार होतं, ते पापुद्र्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. आवरण किती जाड हे द्रवाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर (द्रव विद्युत भारांमधली ओढ किती कमी करतो त्या आकड्यावर) ठरतं. पाण्याचा सुमारे ८०, डिझेल-केरोसिनचा साधारण २. जाडी या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणजे कागदावर सहा पटींहून जास्त घट. प्रत्यक्षात तेलात आयन सुटेच होत नाहीत, त्यामुळे तिथे ते सूत्र लावण्यातही फारसा अर्थ नाही. पापुद्रे एकमेकांना चिकटून गठ्ठे बनतात आणि चिकणमाती बारीक वाळूसारखी वागू लागते.

बाकीचं रात्री लिहितो, हिला मंडईत सोडायचं आहे.

ऋजुता_के

काका, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एक शंका. गठ्ठे होऊन माती वाळूसारखी वागत असेल तर अंतर्गत घर्षण वाढून ताकद वाढायला हवी ना? आणि आमच्या प्रॅक्टिकलला एका पांढऱ्या मातीचं केरोसिनमधलं वाचन पाण्यातल्यापेक्षा जास्त आलं होतं. सरांनी "रीडिंग पुन्हा घ्या" म्हणून परत पाठवलं.

चाळणी४२५

रीडिंग बरोबरच असणार. पांढरी माती बहुधा केओलिनाइटची. ती पाण्यात फुगत नाही, उलट केरोसिनमध्ये तिचे कण विस्कळीत, पोकळ रचना करून बसतात, म्हणून तिथलं आकारमान जास्त. सूत्रात घातलं की फुगवटा उणे येतो, आणि उणे फुगवट्याचा अर्थ काय लावायचा? याच अडचणीवर बंगळुरूच्या आयआयएससीच्या श्रीधरन सरांनी वजाबाकीऐवजी सरळ गुणोत्तर घ्या, असं सुचवलं होतं. एकच तेल, दोन चिकणमात्या, दोन उलट वागणुकी. धागाकर्त्याला नेटवर जे आकडे भांडताना दिसले त्यातलं निम्मं भांडण इथलंच आहे. कुणाच्या हातात केओलिनाइट, कुणाच्या हातात काळी माती, शीर्षक मात्र दोघांचं "तेलदूषित चिकणमाती".

आता ताकदीचं. चिकणमातीला कोहिजन, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, येते ती पाण्याच्या त्याच आवरणामुळे आणि कणांमधल्या ओढीमुळे. तेल कणावर बसलं की ती ओढ सुटते. घर्षण वाढेल म्हणावं तर दाण्यांमध्ये वंगण पडलेलं, त्यातही इंजिन ऑइलसारखं घट्ट. काही प्रयोगांत थोड्या तेलाला ताकद किंचित वाढलेली दिसते, पण प्रमाण वाढलं की बहुतेक ठिकाणी ती पडतेच. इराणच्या बुशहर किनाऱ्यावरच्या मातीवर २००७ साली एक काम प्रसिद्ध झालं. त्यात क्रूड (कच्चं तेल) मिसळल्यावर ताकद, कमाल शुष्क घनता (ठोकून माती जास्तीत जास्त किती घट्ट बसते), ऑप्टिमम मॉइश्चर (त्यासाठी लागणारं पाणी), अॅटरबर्ग लिमिट्स (लिक्विड लिमिट आणि तिच्या बहिणी) आणि पारगम्यता (पाणी किती पाझरतं), सगळंच उतरलं. कॉम्पॅक्शनचं, म्हणजे ठोकून घट्ट करण्याचं, समजायला सोपं आहे. पोकळीतली पाण्याची जागा तेलाने आधीच अडवलेली, म्हणून पाणी कमी लागतं, आणि कितीही ठोका, माती तितकी बसत नाही.

मांजरीकर

पण मग हजारो पटींनी जास्त पाझरते म्हणणारे कोण?

चाळणी४२५

बरं झालं विचारलंत, माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे.

कॅनडातल्या सार्निया भागातल्या चिकणमातीवर फर्नांडिस आणि क्विग्ली यांनी १९८५ साली प्रयोग छापले. कोरडी माती थेट हायड्रोकार्बनमध्ये कालवली आणि त्यातून तोच द्रव सोडला, तर तो वाळूतून जावा तसा धो-धो गेला. पाण्यात दाबून घट्ट केलेल्या त्याच मातीवर तोच द्रव सोडला तर तो आत शिरायलाच तयार नाही. बारीक पोकळ्या पाण्याने धरलेल्या असतात, आणि मातीला पाणी तेलापेक्षा प्यारं. पाण्याला बाहेर ढकलायला जो दाब लागतो तो वरून सांडलेल्या तेलाकडे नसतो.

बुशहरवाल्यांनी मोजलं ते तेल अडकलेल्या पोकळीतून पाणी किती जातं. सार्नियात मोजलं ते तेल मातीतून किती जातं. प्रश्नच वेगळे, उत्तरं कशी जुळणार?

घरात करंज्या करणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. कोरड्या पिठाला आधी कडकडीत मोहन चोळलं की पारी खुसखुशीत होते, पीठ एकसंध ताणलं जात नाही. आधी पाण्याने कणीक मळून घेतली आणि मग तेलाचा हात लावला तर तेल वरच राहतं. पीठ तेच, तेल तेच, क्रम वेगळा.

प्रयोगशाळेत बहुतेक वेळा माती वाळवून, कुटून, चाळून घेतात, त्यात टक्क्यांनी तेल घालतात आणि काही दिवस मुरवतात. म्हणजे कायम आधी मोहन. जमिनीतली काळी माती अशी नसते. खालच्या थरात ती वर्षभर ओलसर असते. तेव्हा पेपरातला "८ टक्के तेलाला ताकद इतकी घटली" हा आकडा उचलून मांजरीच्या प्लॉटला चिकटवणं मला पटत नाही. आधी पाणी पोचलं होतं की तेल, हे ठिकठिकाणी बघावं लागेल.

खडकीचा_आप्पा

एवढं पुस्तकी कशाला? आमच्याकडे वर्कशॉपच्या अंगणात दरवर्षी काळं ऑइल ओतायचे, धूळ बसायची, तण यायचं नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा भेगांत जळकं ऑइल सोडलं की पावसात फुगायची बंद. आमच्या कंपाउंडची भिंत इतक्या वर्षांत हललेली नाही.

चाळणी४२५

आप्पा, भिंत उभी आहे त्याचं कारण ती बहुतेक मुरमावर टेकलेली आहे. ऑइल ओतलेल्या जागी फुगणं थोडं कमी झालंही असेल, पण भेगेत ओतलेलं तेल सगळीकडे सारखं जात नाही. एका बाजूची माती फुगणार, दुसरीकडची नाही, आणि भिंतीला तडा जातो तो याच असमान हालचालीने. सगळी माती सारखी फुगली तर घर अख्खं उचललं जाईल, तडे त्या मानाने कमी पडतील.

शिवाय ओतलेल्या मालाचं काय? वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत रिसायकलरकडेच द्यावं लागतं. फुगण्यावर चुना आहे, चांगल्या मुरमाचा भराव आहे, थर खोल असेल तर रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने रूढ केलेले अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुंधा असलेले काँक्रीटचे खांब) आहेत. ऑइल हा उपाय नाही.

खडकीचा_आप्पा

तेव्हा नियम नव्हते. असो.

भूजल_मुळामुठा

भेगांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्याला जोडून लिहिते.

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची काळी माती मनगट आत जाईल इतकी फाटते. भेग कधी कधी हातभरापेक्षा खोल जाते. त्या दिवसांत सांडलेलं डिझेल मातीतून पाझरत बसत नाही, भेगेतून सरळ खाली उतरतं. जूनमध्ये पाऊस पडला की भेगा मिटतात आणि तेल आत अडकतं. खाली मुरूम आणि त्याखाली सांधे पडलेला बेसॉल्ट. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे भूजलाच्या पातळीवर तरंगतं, पातळी वरखाली झाली की तेही वरखाली होऊन मुरमाला माखतं. बेसॉल्टमध्ये ते कुठल्या सांध्यातून कुणाच्या विहिरीत निघेल हे नकाशा बघून सांगता येत नाही. शेजारी बोअर किंवा आड असेल तर पाणी तपासून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी प्यायला वापरू नका.

खड्ड्यातला तवंग तेलाचाच आहे ना, तेही बघा. लोहाच्या जिवाणूंमुळेही साचलेल्या पाण्यावर तसाच रंगीत पापुद्रा येतो. काडीने ढोसा. पापुद्रा काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत तुटून तसाच राहिला तर लोह. काडी फिरवल्यावर पुन्हा एकजीव झाला तर तेल.

मांजरीकर

आज साइटवर जाऊन आलो. काडीने ढोसलं, पुन्हा एकजीव झालं. तेल आहे.

दुसरं म्हणजे तुम्ही लिहिलंत म्हणून खड्ड्याच्या भिंतीतून मातीची मोठी ढेकळं खुरप्याने काढली आणि हातांनी फोडली. ढेकळाच्या बाहेरच्या अंगाला चकचकीत काळपट थर, वास तिथेच. फोडल्यावर आतली माती नेहमीसारखी, ओलसर, बोटाला चिकटणारी, वास नाहीच म्हणा. खाली चार-पाच फुटांवर तर तेल फक्त उभ्या रेषांत दिसतं, रेषांच्या मधली माती साफ. पण ज्या कोपऱ्यात सर्व्हिसिंगची खाच होती आणि वर शेड होती, तिथली वरची दोन-अडीच फूट माती भुगा झाली आहे. ओली वाटते पण मुठीत वळत नाही, ढेकूळ दाबलं की चुरा होतो.

चाळणी४२५

वा! कॉमर्सवाल्याने लॅबपेक्षा चांगली नोंद दिली.

शेडखालच्या मातीला वरून पाऊस कधी मिळाला नाही, ती वाळत गेली आणि कोरडी असतानाच तेल प्यायली. म्हणून चुरा. बाकी ठिकाणी माती आधीच ओली होती, तिथे तेल भेगांच्या भिंतींना माखून राहिलं. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं डिटर्जंटसारखी काम करतात, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या संपर्काने ते ओल्या ढेकळातही थोडं आत शिरू शकतं. म्हणून आतली माती "साफ" आहे हे नाकावर ठरवू नका.

म्हणजे एकाच प्लॉटवर तीन वागणुकी. कोपऱ्यातली चुरा माती फारशी फुगणार नाही, पण भार घेताना बसेल. मधली माती नेहमीसारखी फुगणार. आणि माखलेल्या भेगा या कमकुवत चिरा, ढेकळं त्यांवरून घसरतात, खड्ड्याची उभी भिंत तिथूनच सुटते. खड्ड्यात माणूस उतरवताना बाजूला उतार द्या किंवा आधार लावा. वास कोंडतो, विडी-सिगारेट अजिबात नको.

पायाचा निर्णय त्यामुळे सोपा होतो. मुरूम आठ फुटांवर आहे ना? सगळे फुटिंग (कॉलमखालचे पाये) कठीण मुरमात न्या. या काळ्या मातीची एसबीसी (भार पेलण्याची सुरक्षित क्षमता) काढत बसण्यात पैसे घालवू नका, ती कुठल्याही एका जागी खरी असेल आणि पाच फुटांवर खोटी. मात्र मुरमाचा माथा तपासून घ्या, तेल तिथेही साचतं. फुटिंगच्या तळाशी तेलकट मुरूम लागला तर खरवडून साफ करा, मग पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर). प्लिंथच्या आत तेलकट माती परत भरू नका, फरशी बसेल आणि वास वर येत राहील.

ऋजुता_के

काका, ती लॅब ओव्हनला का घाबरली?

चाळणी४२५

बरोबर घाबरली. वॉटर कंटेंट, म्हणजे मातीतलं पाणी, मोजायला ओव्हन १०५ ते ११० अंशांवर असतो. डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते) त्याच्या कितीतरी खाली. बंद पेटीत वाफ साठली की काम तमाम.

आणि आग लागली नाही तरी उत्तर चुकतं. समजा १०० ग्रॅम कोरड्या मातीत २० ग्रॅम पाणी आणि ८ ग्रॅम डिझेल आहे. ओव्हनमध्ये सगळं पाणी आणि समजा ४ ग्रॅम हलकं डिझेल उडालं. उरलेलं ४ ग्रॅम डिझेल मातीच्या वजनात मोजलं गेलं. मग पाणी दिसतं १०४ ला २४, म्हणजे सुमारे २३ टक्के. खरं २०. लिक्विड लिमिट, प्लास्टिक लिमिट, कॉम्पॅक्शन, सगळीकडे हाच आकडा लागतो. नेटवरच्या भांडणातलं उरलेलं निम्मं या वजनकाट्यावरचं आहे. पाणी वेगळं मोजायचं तर डीन-स्टार्क पद्धतीने ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे वाफ थंड करून पाणी वेगळं गोळा करतात.

मांजरीकर, पर्यावरण तपासणी करणारी लॅब गाठा, टीपीएच मागा, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून, बर्फात. प्लास्टिकच्या पिशवीत नको.

भूजल_मुळामुठा

प्लास्टिकवरून आठवलं, पिण्याच्या पाण्याची लाइन या मातीतून एचडीपीईची टाकू नका. पेट्रोल-डिझेलमधले हलके घटक त्या पाइपच्या भिंतीतून आत झिरपतात. धातूचा पाइप घ्या, किंवा लाइन जमिनीवरून फिरवा.

मांजरीकर

हे कुणीच सांगितलं नव्हतं, प्लंबरनेही. धन्यवाद.

राहिला प्रश्न मातीचा. कोपऱ्यातून डंपरभर माती निघेल. ठेकेदार म्हणतो, "नाल्याकडेला टाकून येतो, कुणी बघत नाही."

पेठेतला_पंत

कुणी बघत नाही म्हणणाऱ्याचा व्हिडिओ सगळ्यात आधी फिरतो.

भूजल_मुळामुठा

नाल्यातून ती मुळा-मुठेत येणार. नका करू. टीपीएचचा अहवाल आल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुणे कार्यालयात विचारा. घातक कचरा ठरला तर रांजणगावला त्यासाठीचं सामायिक केंद्र आहे. खर्च येईल, म्हणून तेलकट आणि साफ माती खोदतानाच वेगवेगळ्या ढिगांत काढा, खाली ताडपत्री घाला, वरही झाका. एकत्र झाली की सगळ्याचेच पैसे.

ऋजुता_के

जागेवरच जिवाणू वापरून साफ करता येणार नाही का? टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर, म्हणजे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण, वाचलं होतं.

भूजल_मुळामुठा

येतं, पण त्या जिवाणूंना हवा लागते आणि ओल्या काळ्या मातीत हवा खेळत नाही. माती पसरून, भुसा किंवा खत मिसळून, वरचेवर उलटीपालटी करावी लागते. काम महिन्यांचं. अडीच गुंठ्यांत बांधकाम चालू असताना ढीग कुठे पसरणार?

मांजरीकर

ठरलं. उरलेल्या कोपऱ्यांत आणखी दोन खड्डे मारतो, बाटल्या भरून लॅबला देतो, फुटिंग मुरमात. मेव्हण्याला स्वस्त जागेचा हिशेब आजच सांगितला, चहा अर्धा टाकून उठला. बहीण विचारते आहे, त्या गॅरेजच्या कोपऱ्यात नंतर कढीपत्ता लावला तर चालेल का?

चाळणी४२५

नको. तिथे पार्किंग करा. कढीपत्ता कुंडीत लावा, आणि कुंडीतली माती बाहेरून आणा.